भचाऊची शिट्टी

एप्रिलचं ऊन तापलं होतं. सकाळची मेहनत संपवून पोरं दूध प्यायला पांगली होती आणि केरबा वस्ताद एकटाच, लंगोटावर, आखाड्याची माती खणत होता. हळद, ताक, तेल घातलेली माती कुदळीनं खालवर करायची म्हणजे कमरेचा काटा ढिला होतो, पण हे काम वस्ताद कुणाच्या हाती देत नसे. आताची पोरं माती खणत नाहीत, नुसती खाजवतात, असं त्याचं ठाम मत. तेवढ्यात दारातनं आवाज आला, "वस्ताद आहेत का आत?"

बाईमाणसाचा आवाज! केरबाची जी तारांबळ उडाली ती काय सांगावी! कोल्हापुरातल्या तालमीत बाई पाऊल टाकत नाही, आणि ज्याला हे माहीत नाही त्यानं कोल्हापुरात राहू नये. पन्नाशी उलटलेला, तीन जिल्ह्यांत नाव असलेला हा गडी कुदळ टाकून खांबाआड पळाला, कसंबसं धोतर गुंडाळलं, उलटीच बंडी अंगात घातली आणि घाम पुसत बाहेर आला.

दारात दोघी होत्या. एक इकडचीच, चष्मा लावलेली, सुती साडीतली. तिनं नाव सांगितलं विद्याश्री. माहेर कागलचं, कॉलेजात इंग्रजी शिकवते म्हणाली. दुसरी उंच, पांढऱ्या केसांची गोरी बाई. नाक उन्हानं सोलवटलेलं. तिनं कुणी न सांगता बूट काढून बाजूला ठेवले होते आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. केरबानं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हीच ती. जानेवारीत कच्छातल्या भचाऊत हिच्या डोक्यावर नारिंगी शिरस्त्राण होतं आणि कानांवर ते काळे डबे होते.

"या मार्गिटबाई. तुम्ही यांना ओळखलंत का, वस्ताद?" विद्याश्रीनं विचारलं.

"न्हाय ब्वा," केरबा म्हणाला. "अंबाबाई बघायला गोरी माणसं रोज येत्यात. किती जणांस्नी वळखायचं?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं आवाज जरा जास्तच चढला. मग पाहुण्या बाईमाणसांवर ओरडलो म्हणून त्यालाच वाईट वाटलं. त्यानं कट्टा पंच्यानं झटकला, दोघींना बसवलं आणि समोरच्या हॉटेलातनं तीन चहा मागवले.

मार्गिट बोलायची, विद्याश्री मराठीत सांगायची. बाई परदेशातल्या एका बचावपथकात होती. जगात कुठं भूकंप झाला, पूर आला की हे लोक विमानात बसून धावतात. जानेवारीत कच्छला आले होते. आता त्यांची संस्था एक अहवाल लिहीत होती. मदत कुठं पोचली, कुठं चुकली, पुढच्या वेळी काय सुधारायचं. भचाऊतल्या एका घरापाशी काय घडलं ते त्यांना अजून उलगडलं नव्हतं. तिथं बाहेरगावची पैलवानासारखी माणसं होती, एवढंच माहीत होतं. शोध लागला तो एका फोटोवरनं.

विद्याश्रीनं फोटो पुढं केला. ट्रक, आणि ट्रकच्या तोंडावर हे एवढं कापड: 'पाराची तालीम मंडळ, कोल्हापूर. भूकंपग्रस्तांना मदतीचा हात.' खाली अकरा जणांची नावं आणि मधोमध वस्तादाचा फेटा बांधलेला फोटो. माणसं मेली होती, घरं बसली होती, पण बॅनर विसरला तर तो कोल्हापुरी कसला! केरबाला त्या फोटोची आता अशी लाज वाटली की त्यानं तो उलटा करून कट्ट्यावर ठेवला.

"इचारा काय इचारायचं ते," तो म्हणाला.

पण सांगायचं कुठनं? सव्वीस जानेवारीच्या सकाळी तिकडं जमीन हलली आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला देवशीभाई पटेलाच्या लाकडाच्या वखारीत फोन आला. भचाऊतलं दुमजली घर बसलं, आत पाचजण होते, एकही वाचला नाही. त्या पाचांत देवशीभाईची लेक हंसा होती. देवशीभाई जातीनं कच्छी, पण त्याच्या बापापासनं वखार इथं. हंसा तर याच गल्लीत वाढलेली. केरबाला 'केरबामामा' म्हणायची, तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांच्या कुस्त्यांची नक्कल करायची. चैत्रात बापाच्या खांद्यावर बसून जोतिबाच्या डोंगरावर जायची आणि 'चांगभलं' अशी ओरडायची की दोन दिवस घसा बसायचा. लग्न होऊन तिकडं गेली त्याला चार वर्षं झाली होती.

देवशीभाईच्या पायावर पंधरवड्यापूर्वी ओंडका पडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. तो जाणार कसा? केरबानंच त्याचं मनगट आवळलं. "फोनवर कोण मरतंय व्हय, शेठ? ह्या डोळ्यांनी बघितल्याबिगार म्या मानत न्हाय. मी जातो." वखारीचाच ट्रक, पहारी, जॅक, दोर, गल्लीतल्या बायकांनी तासाभरात भाजून दिलेल्या भाकऱ्या आणि अकरा पोरं. कुठं थांबले नाहीत. अठ्ठावीस तारखेला दुपारी तीनला भचाऊत उतरले तेव्हा पोरांचे पाय सुजले होते.

गाव कसलं, नुसता ढिगारा! पत्ता सांगायला भिंत शिल्लक नव्हती. एका म्हाताऱ्यानं हात धरून घर दाखवलं. वरचा स्लॅब आख्खाच्या आख्खा खाली येऊन बसला होता आणि त्याच्याभोवती नारिंगी कपड्यांतली परदेशी माणसं, दोन कुत्री, पेट्या, वायरी. हीच बाई गुडघ्यांवर बसून स्लॅबवर तबकड्या चिकटवत होती. एकानं हातानं खूण केली, मागं व्हा. पोरं मागं झाली, म्हणजे स्लॅबच्या दुसऱ्या अंगाला गेली आणि तिथं पहारी घालून उभी राहिली. त्यांनी यांना विचारलं नाही तुम्ही कोण, यांनी त्यांना विचारलं नाही तुम्ही काय करताय.

आणि मग शिट्टी झाली. एक, लांबलचक.

"ती शिट्टी मी वाजवली होती," मार्गिट म्हणाली. "जगभर ठरलेली खूण आहे. एक लांब शिट्टी म्हणजे सगळं काम बंद, सगळ्यांनी गप्प. श्वाससुद्धा हळू. आम्हाला खालून आवाज येत होता आणि तो नेमका कुठून येतो ते ऐकायचं होतं. पण तुमच्या लोकांनी त्याच क्षणी ओरडायला सुरुवात केली. का? आम्हाला वाटलं भांडण झालं. कुणी म्हणालं, प्रार्थना होती. मला खरं ते कळायला हवं."

चहावर साय धरली.

"बाई," तो विद्याश्रीला म्हणाला, "ह्यास्नी सांगा. ह्या तालमीत माझ्या वस्तादांच्या वस्तादांपासनं एक रीत हाय. दोन बारक्या शिट्ट्या झाल्या की धरायचं. एक लांब शिट्टी झाली की उचलायचं. लाकडाचा ओंडका असू दे, दगडी रूळ असू दे, कायबी. बाराव्या वर्षापासनं पोरांच्या अंगात मुरलंय ते. लांब शिट्टी झाली की वस्ताद म्हणणार जोतिबाच्या नावानं, पोरं म्हणणार चांगभलं, आणि जोर. इचार करायचाच न्हाय. इचार केला तर जोर फुटतो, हे मीच शिकवलंय त्यांस्नी."

विद्याश्रीनं सांगितलं. मार्गिटनं वहीवरचा हात काढला आणि तोंडावर ठेवला.

"शिट्टी ह्यांची," केरबा म्हणाला, "आन् चांगभलं माझं. दुसऱ्या कुणाचं न्हाय. माझ्या तोंडनं गेलं."

मग त्याला एकदम संताप आला. स्वतःचा आला होता, पण निघाला बाईवर. "पर तुमी मला एक सांगा! कुत्री आणलीसा, यंत्रं आणलीसा, प्यायचं पाणीसुद्धा इमानातनं आणलंसा. एक माणूस न्हाई आणला, पावणं कुठलं म्हणून इचारणारा? आमच्यात मैदानात उपरा पैलवान आला तर पयलं इचारत्यात, गाव कुठलं, वस्ताद कोण, मग लांग चढवून कुस्तीला उभं ऱ्हाऊ देत्यात. तुमची जगातली शिट्टी आमाला कोण सांगणार हुतं?"

"दुभाषी होता आमच्याबरोबर," मार्गिट हळू म्हणाली. "तो अधिकाऱ्यांच्या तंबूत याद्या करायला बसवला होता. त्या दिवसभर."

"बघा! याद्या करायला! आनी जाताना ती कान लावायची यंत्रं बी घेऊन गेलासा परत. एकाला तरी शिकवून गेलासा काय? तुमी पोचायला दोन दीस लागले. पयल्या दिवशी तिथं कोण हुतं? शेजारचंच की. त्यांच्या हातात काय हुतं? घमेली!"

मार्गिट सगळं लिहून घेत होती. बाईनं एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, आणि केरबाला भांडायला कुणी उरलं नाही.

"खालून आवाज येत होता म्हणता," त्यानं शेवटी विचारलं. "कसला?"

मार्गिटनं पिशवीतनं लहानसा टेपरेकॉर्डर काढला. यंत्र जे ऐकतं ते टेपवर उतरतं, हे विद्याश्रीनं सांगितलं, आणि तुम्हाला नको असेल तर ऐकू नका असंही सांगितलं. केरबानं मान हलवली. लावा म्हणाला.

आधी नुसती खरखर. मग टक. टक. टक. दगडावर दगड, सावकाश, थकलेल्या हातानं मारल्यासारखा. मधे बराच वेळ काही नाही, परत टक. टक. मग शिट्टी. शिट्टी संपते न संपते तोच केरबाचा स्वतःचा आवाज, जोतिबाच्या नावानं, आणि अकरा गळ्यांचं चांगभलं. त्यानंतर ती टकटक भराभर व्हायला लागली. इतकी जोरात आणि इतकी घाईनं की मोजता येईना. परदेशी माणसांचं ओरडणं, पळणं. दुसरं चांगभलं. मग धप्प असा एक आवाज. त्यानंतर टेप फिरत राहिली, पण त्यात काहीच नव्हतं.

केरबा खांब धरून उभा होता. तो कधी उठला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

पहिल्या जोराला स्लॅब यांच्या बाजूनं हातभर उचलला होता, ते त्याला आठवत होतं. परदेशी माणसं हात हलवत धावत आली होती, आणि पोरांना वाटलं होतं की ती हुरूप देतायत. एकानं तर केरबाची मान धरली होती. पण जोर सुटायचा नाही म्हणून त्यानं दुसरं चांगभलं दिलं, आणि स्लॅबचं पलीकडचं टोक खाली बसलं. तासाभरानं हंसा सापडली. केरबानं स्वतः आत वाकून तिला दोन्ही हातांवर घेतली. थंडीचे दिवस, दोन दिवसांची मयत, आणि पोरीचं अंग ऊन होतं. त्यानं घाईघाईनं तिला शालीत गुंडाळलं आणि चितेवर ठेवेपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. अकरांतल्या एकाही पोराला तो हे बोलला नव्हता. यंदा चैत्र यात्रेला पाठ धरलीय म्हणून घरी बसला. डोंगरावर गेलं की चांगभलं म्हणावं लागलं असतं.

आणि देवशीभाईला त्यानं काय सांगितलं होतं? परत आल्या आल्या, त्याच्या प्लास्टरच्या पायापाशी बसून? "पयल्या धक्क्यालाच गेली, शेठ. तिला कळलंसुद्धा न्हाय." देवशीभाईची बायको रतनबेन दारात उभी होती. "त्रास न्हाई झाला ना?" तिनं विचारलं होतं. "अजाबात न्हाय, वहिनी." त्या एका वाक्यावर त्या दोघांनी अडीच महिने काढले होते. जेवत होती, झोपत होती, वखार चालू केली होती. दर शनिवारी तालमीच्या मारुतीला वखारीतनं नारळ येत होता.

"आता आम्ही देवशीभाईंकडे जाणार," विद्याश्री म्हणाली. "अकराला बोलावलंय त्यांनी. फोनवर फार आनंदानं बोलले. परदेशी पाहुण्यांना भेटून आभार मानायचेत म्हणाले."

"न्हाय!" केरबा केवढ्यानं ओरडला. समोरच्या हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. मग त्यानं आवाज खाली घेतला आणि हात जोडले, ज्या माणसानं कुठल्या पुढाऱ्यापुढं हात जोडले नव्हते त्यानं. "बाई, पाया पडतो. त्यांस्नी ह्यातलं कायबी ठावं न्हाय. पोरगी झटक्यात गेली म्हणून सांगितलंय मी. त्यावर ती दोघं जगत्यात."

विद्याश्रीनं हे इंग्रजीत सांगितलं. मार्गिट ऐकत राहिली. "मी आपणहून काही बोलणार नाही," ती म्हणाली. "पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलू शकत नाही. आणि अहवालात घराची जागा, तारीख, वेळ सगळं येणार. ते लपवलं तर पुढच्या भूकंपात पुन्हा कुणीतरी तीच शिट्टी वाजवेल."

पुण्याला देवशीभाईचा पुतण्या इंजिनिअरिंग शिकत होता, इंग्रजी पेपर वाचणारा. आज ना उद्या ते छापलेलं वखारीत येणारच होतं. कुणीतरी परका माणूस ते वाचून दाखवणार होता. केरबानं बंडी काढली, सुलट करून परत घातली.

"तुमी माझ्या मागनं या," तो म्हणाला. "मी सांगतो."

वखार चार घरं पलीकडं. केरबाला ती चार घरं संपूच नयेत असं वाटत होतं. पाहुणे येणार म्हणून देवशीभाईनं करवत बंद ठेवली होती, खुर्च्यांवर टॉवेल टाकले होते. प्लास्टर निघालं होतं पण काठी होती. केरबाला बघून तो काठी टेकत उठला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून मार्गिटला सांगायला लागला, "मॅडम, हा माणूस बघून ठेवा. माझा सख्खा भाऊ न्हाय गेला, ह्यो गेला. ह्यो नसता तर माझ्या पोरीला अग्नी मिळाला नसता. सांगा विद्याश्रीबाई, सांगा त्यांना."

विद्याश्री खाली बघत होती. तिनं काही सांगितलं नाही.

"शेठ," केरबा म्हणाला, "बसा. मी खोटं बोललोय तुमच्याशी."

त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. शिट्टी सांगितली, चांगभलं सांगितलं, स्लॅब सांगितला, टेपवर उतरलेली टकटक सांगितली, अंग ऊन होतं तेही सांगितलं. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं निघालं नसतं. देवशीभाई ऐकता ऐकता खुर्चीत बसला. त्याचा चेहरा बदलला नाही. फक्त काठी हातातनं सुटली आणि भुश्यात पडली.

"आवाज हाय म्हणालास. कुठाय?"

"शेठ, नगा ऐकू."

"माझ्या पोरीचा हाय न्हवं? मला ऐकव."

मार्गिटनं केरबाकडं बघितलं, मग देवशीभाईकडं, आणि टेप लावली. वखारीच्या पत्र्याखाली ती टकटक जास्तच मोठी वाटली. चांगभलं झालं, टकटक भराभर झाली, धप्प झालं. देवशीभाईनं बोट वर केलं. परत लावा. परत लावली. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच बटण दाबलं.

"हितं," तो म्हणाला. "हितं ती जोरात का वाजवाय लागली?"

विद्याश्रीनं विचारलं. मार्गिटनं मान हलवली. "तेच आम्हाला समजलेलं नाही. एवढ्या गोंगाटात माणूस सहसा थांबतो. आम्ही 'कारण अज्ञात' असं लिहिलंय."

"अज्ञात?" देवशीभाई म्हणाला. "अहो, चांगभलं वळखलं तिनं! तिकडं कच्छात कोण चांगभलं म्हणतंय? कोल्हापूर आलंय म्हणून कळलं तिला. बापानं माणसं धाडल्यात म्हणून कळलं. मी हाय, मी हाय म्हणून सांगाय लागली ती, केरबा. आणि तू..." त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलत होता.

केरबा त्याच्या पायाशी बसला. मारा म्हणाला, शिव्या द्या म्हणाला, तालीम सोडून गाव सोडून जातो म्हणाला. देवशीभाईनं पाय मागं घेतला.

"लिहा, मॅडम," तो शेवटी मार्गिटकडं बघून म्हणाला. "ते अज्ञात खोडा आणि खरं ते लिहा. हंसाचं नाव घाला, माझं घाला, ह्याचं बी घाला. दुसऱ्या कुणाच्या दारात आधी इचारतील तरी." मग त्यानं केरबाकडं न बघता वखारीच्या मागच्या दाराकडं बोट केलं. "रतन आत हाय. तिला मी सांगणार न्हाय. तिनं तुलाच इचारलं हुतं, तुलाच जाऊन सांगाय लागंल."

मागच्या दारानं गेलं की आधी अंगण, मग स्वयंपाकघर. या घरात केरबा पन्नासदा जेवला होता, पण आज त्याचा पाय उंबऱ्याला अडखळला. रतनबेन पाट घालून कैऱ्या किसत बसली होती. भोवती गुळाचा वास होता.

"या वस्ताद! गोरी बाई आली का? चहा टाकू?" ती म्हणाली. "एक बरणी तालमीतल्या पोरांना देणार आहे हां यंदा. त्यांनी माझ्या पोरीला उचलली, त्यांना मी काय देणार दुसरं."

"वहिनी, किसणी ठेवा जरा खाली."

तिनं ठेवली. पदराला हात पुसले. केरबानं बाहेर सांगितलं होतं तेच परत सांगितलं, पण इथं त्याला ते जमेना. शब्द उलटसुलट झाले. आधी अंग ऊन होतं ते सांगितलं, मग शिट्टी, मग मधेच टकटक. रतनबेनला पहिल्यांदा काही कळलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूहळू तिच्या डोळ्यांत ते उतरलं.

"कुठल्या तारखेला?" तिनं विचारलं.

"अठ्ठावीसला. दुपारी चारला."

"अठ्ठावीसला दुपारी ती जिती होती?"

"व्हय, वहिनी."

ती रडली नाही. किसलेल्या कैरीच्या ताटाकडं बघत, बोटांवर मोजल्यासारखं करत बसली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. केरबाला वाटलं ती आता ताट फेकून मारेल, आणि तिनं मारावं असं त्याला फार वाटलं.

"सव्वीसला संध्याकाळी फोन आला," ती म्हणाली. "तुमचा ट्रक गेला आणि बायका मला मोरीत घेऊन गेल्या. मी डोक्यावरनं पाणी घेतलं. माझी पोरगी तिथं अंधारात बसून दगड वाजवत होती हो, वस्ताद, आणि मी तिची आई, इथं तिच्या नावानं आंघोळ करून मोकळी झाले."